धान्याचे नाव पुरेसे नाही

वल्हांडण हा ज्यू लोकांचा मोठा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ इस्राएलमध्ये सात आणि अन्यत्र बहुतेक ठिकाणी आठ दिवस तो पाळला जातो. या दिवसांत आंबलेले, फुगलेले पीठ घरात ठेवायचे नाही. गहू, जव, राय, ओट आणि गव्हाचाच जुना भाऊबंद असलेला स्पेल्ट या पाच धान्यांचे पीठ पाण्यात कालवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजायला गेले नाही, तर ते वर्ज्य ठरते. मध्य आणि पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंची रूढी याहून कडक आहे. त्यांच्याकडे या आठवड्यात तांदूळ, मका आणि डाळीही पारंपरिकपणे चालत नाहीत. मग ताटात उरतात मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि सर्वांत जास्त बटाटा. अशा ताटात क्विनोआ नावाचे धान्य आले, तेव्हा घरोघरच्या स्वयंपाकघरांना हायसे वाटले यात नवल नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियन या कोशर प्रमाणपत्र देणाऱ्या मोठ्या संस्थेने क्विनोआ वल्हांडणाला चालेल असे जाहीर केले. मात्र त्याला एक अट होती. त्यावरील प्रक्रिया संस्थेच्या देखरेखीखाली झालेली हवी.

आज आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतही क्विनोआच्या पिशव्या सहज मिळतात. त्यांच्यावर ‘ग्लुटेन फ्री’ असते, कधी कोशरचे चिन्ह असते आणि ‘सुपरफूड’ हा शब्द तर बहुधा असतोच. ग्राहकाच्या मनात या तिन्हींचा मिळून एकच अर्थ तयार होतो, तो म्हणजे प्रकृतीला चांगले. प्रत्यक्षात पहिला शिक्का आरोग्याचा, दुसरा धर्मनियमाचा आणि तिसरा निव्वळ जाहिरातीचा. ज्याला सगळे पचते त्याच्यासाठी ही गल्लत फार तर खिशाला चाट लावणारी. पण सिलिअॅक आजार असलेल्या मुलाच्या आईसाठी ती महाग पडते. म्हणून वर सांगितलेली देखरेखीची अट नीट समजून घेतली पाहिजे.

आधी धान्याची ओळख. क्विनोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांचा. बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच पठारांवर हजारो वर्षे तो पिकतो आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून पाळले आणि जगभर त्याचे नाव झाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे तृणधान्य नव्हेच. गहू, ज्वारी, तांदूळ गवताच्या कुळातले. क्विनोआ राजगिरा, पालक आणि बीटच्या कुळातला. आपण ताकातली भाजी करतो तो चाकवत तर त्याच्या अगदी जवळचा, एकाच प्रजातीसमूहातला. गव्हातील ग्लुटेन हे गवतकुळातील काही धान्यांचे प्रथिन आहे. क्विनोआत ते मुळात नसते. त्याच्या दाण्याला ओलावा लागला की पीठ गव्हासारखे लवचीक होत नाही, पावासारखे फुगतही नाही.

ज्यू धर्मपंडितांपुढे प्रश्न आला तेव्हा क्विनोआ पाच धान्यांत नाही, हे उघडच होते. वाद होता तो डाळी-तांदळाच्या रूढीत त्याला बसवायचे की नाही, याचा. ही रूढी युरोपात तेराव्या शतकापासून नोंदलेली आढळते. तिची दोन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. एक, या धान्यांचेही पीठ आणि खिमट होते, त्यामुळे पाहणाऱ्याचा घोटाळा होऊ शकतो. दुसरे, शेतात, पोत्यात, कोठारात त्यांच्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. क्विनोआ तर त्या काळी युरोपला ठाऊकच नव्हता. न्यूयॉर्कचे विख्यात धर्मपंडित मोशे फाइनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात शेंगदाण्याबाबत मत दिले होते की, जुन्या रूढीत जे आले नाही ते नव्याने तिच्यात ओढू नये. पुढे क्विनोआच्या बाजूने याच मताचा आधार घेतला गेला. मिसळीची शंका मात्र त्याने मिटत नव्हती. शेजारच्या शेतात जव आहे का, पोती कोणती वापरली, ज्या यंत्रातून क्विनोआ गेला त्यातून आधी काय गेले होते, हे तपासावे लागले. देखरेखीची अट आली ती यातून.

सिलिअॅकच्या रुग्णाला नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात, फक्त त्याचे कारण वेगळे असते. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बोटांसारखे बारीक उंचवटे, ज्यांतून अन्नरस शोषला जातो, ते झिजून सपाट होतात. मुलांचे पोट फुगते, जुलाब होतात, उंची-वजन वाढत नाही. मोठ्या माणसांत तर कित्येकदा पोटाची तक्रारच नसते. गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग किंवा ठिसूळ झालेली हाडे एवढेच दिसते. गहू आणि हा आजार यांचे नाते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. भोवताली लोक उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले सुधारू लागली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. डिके यांची शंका त्याआधीपासूनची होती, या अनुभवाने तिला बळ मिळाले. भारतात हा आजार गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेत अधिक आहे, तिथे शंभरात सुमारे एकाला तो असतो. दक्षिणेत बराच कमी. महाराष्ट्र पोळी आणि भाकरी दोन्ही खाणारा. त्यामुळे ‘हा पंजाबातला आजार’ म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

या आजाराला औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर, पूर्णपणे टाळणे हाच उपचार. ‘पूर्णपणे’ म्हणजे किती, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे दिसले की, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरले तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना पोळपाटावर भुरभुरतो त्याहून कमी. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आणि भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणेही ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्याच हिशेबाने, किलोभर पिठात पाव ग्रॅम कणीकही नको.

आता कोशर आणि ग्लुटेनमुक्त हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहू. वल्हांडणाची मुख्य भाकर म्हणजे मात्झा, ती गव्हाचीच असते. झटपट भाजलेली असल्याने ती चालते. याच मात्झाचा चुरा करून सूपमधले गोळे, केक, माशांचे मुटके करतात. म्हणजे ‘वल्हांडणासाठी कोशर’ असा शिक्का असलेल्या डब्यात शुद्ध गहू असू शकतो. उलट, सिलिअॅक असलेल्या ज्यूंसाठी ओटची ग्लुटेनमुक्त मात्झा मुद्दाम बनवली जाते. ओट पाच धान्यांतला असल्याने धर्मविधीही साधतो आणि आतडेही सांभाळले जाते. तोच ओट ग्लुटेनमुक्त असूनही इतर कोणत्याही रूपात त्या आठवड्यात वर्ज्य. दोन याद्या काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी अजिबात जुळत नाहीत. अमेरिकेत सिलिअॅकचे पुष्कळ रुग्ण, ज्यू असोत वा नसोत, वल्हांडणाच्या सुमारास कोशर दुकानांत खरेदीला जातात, कारण तेव्हा बिनगव्हाचे पदार्थ भरपूर मिळतात. पण जाणते लोक तिथेही डब्याच्या मागची घटकांची यादी वाचल्याशिवाय तो पिशवीत टाकत नाहीत.

हा फरक आपल्याला कोकणातील बेने इस्राएल घरांतही दिसतो. मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजाने कोशरचा नियम इथल्या जिनसांत बसवला. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध आले. पोहे, ओला नारळ आणि गूळ किंवा साखरेचा मलिदा हा कोशर आहेच, शिवाय ग्लुटेन नसलेल्या जिनसांचा. पण नव्या वर्षाला होणारा चिकाचा हलवा पारंपरिकपणे गव्हाच्या चिकाचा. तोही तितकाच कोशर. सिलिअॅकच्या रुग्णाने मात्र त्याला हात लावू नये. आपल्या उपवासाचेही असेच नाही का? साबुदाणा खिचडी उपवासाला चालते याचा अर्थ ती हलकी किंवा पौष्टिक आहे, असा होत नाही. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च. काय चालते आणि काय चांगले, हे प्रश्न वेगळे आहेत.

मग क्विनोआ चांगला का? काही बाबतींत निश्चितच. गहू सोडलेल्या माणसाच्या ताटात बहुधा तांदळाचे पीठ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च यांचा भरणा होतो. विकतच्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांत आणि पावांतही तेच असते. तंतू आणि लोह कमी पडते, वजन मात्र वाढते. वल्हांडणाच्या बटाटामय आठवड्याचीही तीच अडचण. कच्च्या क्विनोआच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ ग्रॅम प्रथिने, ७ ग्रॅम तंतू आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असते, शिवाय मॅग्नेशियम भरपूर. प्रथिनांत शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्ले आहेत. लंडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिलिअॅकच्या १९ रुग्णांनी सहा आठवडे रोज ५० ग्रॅम क्विनोआ खाल्ला आणि त्यांना तो मानवला. संख्या लहान आणि काळ थोडा, तरीही निष्कर्ष दिलासा देणारा.

पण सुपरफूड म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. त्याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके आहेत, तेव्हा मधुमेह्याने वाटी मोजूनच घ्यावी. शिजल्यावर तो पाण्याने फुगतो आणि १०० ग्रॅममागे प्रथिने साडेचार ग्रॅमच्या आसपास उरतात. वरण-भातात डाळ तांदळाची उणीव भरून काढते, तेव्हा ‘संपूर्ण प्रथिने’ आपल्या घरात फार पूर्वीपासून आहेत. राजगिरा हा क्विनोआचा चुलतभाऊ, प्रथिनांत जवळजवळ बरोबरीचा आणि किमतीने बराच खाली. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांतही ग्लुटेन नाही. ज्याला परवडतो आणि आवडतो त्याने क्विनोआ जरूर खावा. परवडत नाही म्हणून कोणाच्या पथ्यात खोट राहत नाही.

करायचा असेल तर नीट करावा. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्याचा थर असतो. पक्ष्यांपासून आणि किडींपासून दाण्याचे संरक्षण करणारा हा थर पाण्यात रिठ्यासारखा फेस आणतो. ‘धुतलेला’ म्हणून विकत घेतला तरी बारीक जाळीच्या गाळणीत धरून फेस जाईपर्यंत तीन-चारदा धुवावा. त्याआधी पांढऱ्या ताटात पसरून निवडावा. कोशर स्वयंपाकात किडा-मुंगी पाहण्यासाठी हे करतात. सिलिअॅकच्या घरात गव्हा-जवाचा चुकार दाणा सापडावा म्हणून. निथळलेले दाणे कोरड्या पातेल्यात तीन-चार मिनिटे परतले की खमंगपणा येतो. मग एका वाटीला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ, झाकण आणि मंद आच. पंधरा मिनिटांत पाणी आटते, दाणा पारदर्शक होतो आणि त्याभोवती कोंबाची पांढरी कड सुटलेली दिसते. गॅस बंद करून झाकण न काढता आणखी पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि काट्याने मोकळे करावे. डावाने ढवळले तर गिचका होतो.

कोशर स्वयंपाकात क्विनोआची मोठी सोय म्हणजे तो मांसाच्या बाजूचाही नाही आणि दुधाच्या बाजूचाही नाही, त्यामुळे दोन्हींच्या जेवणात बसतो. कोंबडीच्या सूपमध्ये शेवयांऐवजी तो घालता येतो. लेबनॉन-सीरियाकडच्या तबुले कोशिंबिरीत गव्हाचा दलिया असतो. त्या जागी क्विनोआ, भरपूर चिरलेली पार्सली, पुदिना, टोमॅटो, काकडी, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातले की चव फारशी बदलत नाही. लिंबामुळे धान्यातले लोहही अधिक शोषले जाते. ढोबळ्या मिरचीत किंवा कोबीच्या पानात भरायला भाताऐवजी तो चालतो. नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाबरोबर भातासारखा वाढता येतो. उपम्यासारखा केलात तर फोडणीत हिंग घालण्याआधी थांबा.

हिंगाचे कारण असे की, बाजारात मिळते ते बहुधा बांधानी हिंग. शुद्ध हिंग उग्र आणि चिकट, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. चिमूटभर हिंग पोटात जाते ते रोजच्या रोज, दोन्ही वेळच्या आमटी-भाजीतून. डबीवर घटक लिहिलेले असतात, ते वाचून तांदळाच्या पिठातले हिंग निवडता येते. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट म्हणजे बहुधा जवाचे. सुट्या मसाल्यांचे तर काही सांगता येत नाही.

आणि मग गिरणी. डॉक्टरांनी गहू बंद करून ज्वारीची भाकरी सांगितली, घरच्यांनी ती मनापासून पाळली, तरी मूल सुधारत नाही, असे घडू शकते. जिथे गव्हावर ज्वारी दळली जाते तिथे जात्यात राहिलेली कणीक पिठात उतरते. पहिले मूठभर पीठ बाजूला काढून भागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा हिशेब आठवावा. विरोधाभास असा की हे आपल्याला नवे नाही. उपवासाचे दळण वेगळे दळायचे, त्याला धान्याचे पीठ लागू द्यायचे नाही, हे घराघरात ठाऊक आहे आणि अनेक गिरणीवाले ते पाळतात. एकादशीला जी काळजी आपण घेतो, तीच या मुलांसाठी रोज घ्यायची आहे. घरघंटी असेल तर ती बिनगव्हाच्या धान्यालाच राखून ठेवावी. लाकडी पोळपाट-लाटणे वेगळे असावे, कारण लाकडाच्या चिरांत कणीक राहते. डबे, चाळणी, तवा यांचेही तसेच. कोशर घरात मांसाची आणि दुधाची भांडी निरनिराळी असतात, त्यांना याची फोड करून सांगावी लागणार नाही.

आणखी एक सूचना सर्वांत निकडीची. पोट बिघडते म्हणून किंवा कोणा नटीने सोडला म्हणून परस्पर गहू सोडू नये. सिलिअॅकची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा या दोन्हींतून निदान होते ते माणूस गहू खात असतानाच. आधी गहू सोडून मग तपासणी केली तर आजार असूनही अहवाल ‘नाही’ म्हणू शकतो. मग पथ्य अर्धवट राहते, घरातल्या इतरांची तपासणी होत नाही, आणि हा आजार तर रक्ताच्या नात्यांत अधिक आढळतो. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये.

उरलेले काम यंत्रणेचे. वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणे भारतात २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, पण आपला बराचसा बाजार सुटा आहे. हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ ठळक अक्षरांत दिसले पाहिजे आणि अन्न प्रशासनाने ‘ग्लुटेनमुक्त’ पिठांचे नमुने वेळोवेळी तपासले पाहिजेत. शहरातल्या प्रत्येक भागात निदान एका गिरणीने एक जाते बिनगव्हाच्या दळणाला राखून ठेवले, तर शेकडो घरांची वणवण वाचेल आणि गिरणीवाल्यालाही कायमचे गिऱ्हाईक मिळेल. शाळेच्या पोषण आहारात आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात अशा मुलाचे ताट वेगळे वाढण्याची सोय हवी. क्विनोआला सणाच्या ताटात जागा देण्याआधी एका समाजाने त्याचा शेतापासून यंत्रापर्यंतचा प्रवास तपासायला लावला. आपल्या ज्वारीच्या आणि राजगिऱ्याच्या वाट्याला तेवढी चौकशी आली, तर महागड्या पिशवीवाचूनही ही मुले धडधाकट वाढतील.